तांबड्याचं पिवळं

मार्था तुस्कानो यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणायचो. वसईकडच्या गास गावात चर्चला लागून एक हॉल आहे. तिथे दर शनिवारी दुपारी त्या कॉमर्सच्या मुलामुलींना फुकट शिकवायच्या. १९९५ साली हा वर्ग सुरू झाला तेव्हा मी अकरावीत होते. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. वडील मूळचे चिपळूणचे, मुंबईत सरकारी नोकरीला. त्यांनीच कुठूनतरी या वर्गाची बातमी आणली आणि म्हणाले, "ज्ञानदा, एक दिवस जाऊन बघ. नाही आवडलं तर नको जाऊ." दोन बस बदलून मी गेले आणि पुढची सहा वर्षं जात राहिले.

मॅडम आमच्या पाठ्यपुस्तकाला क्वचितच हात लावायच्या. त्या वर्तमानपत्रातलं एखादं कात्रण आणायच्या, नाहीतर घरातलीच एखादी गोष्ट घ्यायच्या. "माझ्या भावाला केळीची बाग काढून तिथे फुलं लावायची आहेत. काय काय बिघडू शकतं, सांगा." मग आम्ही सांगत सुटायचो. पाणी खारं होईल, फुलं वेळेवर बाजारात पोचणार नाहीत, मजूर मिळणार नाहीत. त्या फळ्यावर सगळं लिहून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता यातलं सगळ्यात आधी काय बघायचं, ते ठरवा. आणि का, तेही सांगा. कारण सांगितल्याशिवाय माझंसुद्धा काही मान्य करायचं नाही."

त्यांच्या आळीतून चार्टर्ड अकाउंटंट झालेल्या मॅडम पहिल्याच. वडील निकोलस यांची पानवेल होती, केळी होती. आई लवकर गेली. मॅडमनी लग्न केलं नाही. फोर्टातल्या एका फर्ममध्ये त्या बारा वर्षं ऑडिट करत होत्या. मग १९९८ मध्ये त्या फर्मने नवीन शाखा काढली, रिस्क ॲडव्हायझरीची, आणि ती मॅडमकडे दिली. म्हणजे एखाद्या कंपनीत जायचं, गोदामापासून मालकाच्या खोलीपर्यंत सगळं बघायचं, आणि इथे उद्या काय बिघडू शकतं याची यादी करून द्यायची. सोबत एक इंजिनीअर असायचा. प्रत्येक धोक्यापुढे एक रंग. तांबडा म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे दोन वर्षांत, हिरवा म्हणजे ठीक आहे. हे काम आम्हाला समजावताना त्यांचा चेहरा खुलायचा. "आम्ही शनिवारी जे करतो ना, तेच करायला मला पगार मिळतो," त्या हसून म्हणायच्या.

आमच्या वर्गात सगळ्यात तल्लख मुलगी होती संपदा मेहेर. तिचे वडील अर्नाळ्याला बोटीवर जायचे. आई, जयवंतीमावशी, तुळिंजच्या बाजारात सुकी मासळी विकायची, म्हणून मायलेकी तिथेच एका खोलीत राहायच्या. संपदा वर्गात पहिल्या दिवशी आली ती कोपऱ्यात बसली. अंगाला मासळीचा वास येतो असं तिला वाटायचं. मॅडमनी तिला पुढे बोलावलं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. "आमच्या आळीत सगळे बोंबील खातात, आणि बाजारातून येताना पिशवी मांडीवर घेऊन बसतात," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर संपदा कधी मागे बसली नाही. बारावीचा फॉर्म, कॉलेज, कॉम्प्युटरचा कोर्स, पहिली मुलाखत कशी द्यायची, सगळं तिने मॅडमना विचारून केलं. मीही विचारायचे. पण मला घरी विचारायला वडील होते. तिला त्या एकट्याच होत्या.

आता जे सांगते त्यातलं बरंचसं मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे मॅडमनी स्वतः सांगितलं.

२००१ च्या उन्हाळ्यात त्यांच्या फर्मकडे वसई पूर्वेच्या एका कारखान्याचं काम आलं. फरसाण, मसाले वगैरेंच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या छापायचा कारखाना. दुमजली गाळा. खाली छपाईची यंत्रं, वर पॅकिंग आणि ऑफिस. शाई पातळ करायला जे द्रावण लागतं त्याची पिंपं पुढच्या जिन्याखाली उभी होती. ते द्रावण पेट्रोलसारखं पेट घेतं. मागे एक लोखंडी जिना होता, पण त्याच्या तळाच्या दाराला बाहेरून कुलूप. माल चोरीला जातो म्हणून मालकाने ते लावलं होतं. किल्ली फाटकावरच्या वॉचमनकडे.

मॅडमनी दोन्हींपुढे तांबडा रंग लावला. पिंपं आणि दार.

अहवाल मालकाला विम्याच्या नूतनीकरणासाठी हवा होता. फर्मचे भागीदार परेश देसाई यांनी मॅडमना आपल्या खोलीत बोलावलं.

"मार्था, त्यांचा फोन आला होता. दोन्ही गोष्टी महिन्याभरात करतो म्हणाले. मग तांबडं कशाला?"

"केल्या की पिवळं करू."

"अहवाल सोमवारी द्यायचाय. तांबडं दिसलं की विमा कंपनी दहा प्रश्न विचारणार. ते मग आपल्याकडे पुन्हा येतील का?"

"परेश सर, खाली आग लागली तर वरच्या माणसांना बाहेर पडायला वाट नाही."

"ते तू लिहिलं आहेसच की. एक शब्दही काढू नकोस. फक्त रंग. आपण सल्ला देतो, मार्था. पोलीस नाही आपण."

त्या दिवशी निकोलसबाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मोतीबिंदूची तपासणी होती. मॅडमना सव्वाचारला ऑफिसातून निघणं भाग होतं. त्यांनी रंग बदलला आणि शेवटच्या पानावर सही केली.

"खूप विचार केला, मन मारलं, असं काही झालं नाही ग," त्या मला म्हणाल्या होत्या. "मी घड्याळ बघत होते. एवढंच."

महिनाभराने, जुलैत, संपदा पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात आली. बी.कॉम. होऊन एक वर्ष ती इथेतिथे हंगामी कामं करत होती. आता कायमची नोकरी लागली होती, अकाउंट्स असिस्टंट म्हणून. घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर. तिने कारखान्याचं नाव सांगितलं.

मी मॅडमच्या शेजारीच उभी होते. त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"संपदा, ही नोकरी घेऊ नकोस."

आम्हाला वाटलं, त्या थट्टा करताहेत.

"का मॅडम?"

"दुसरी बघू. मी बघते तुझ्यासाठी. दोन महिने दे मला."

"पण यात काय वाईट आहे?"

"मला सांगता येणार नाही."

ग्राहकाची माहिती बाहेर बोलणार नाही, असं त्यांच्या फर्ममध्ये सगळ्यांकडून लिहून घेतलेलं होतं. पंधरा वर्षांत मॅडमनी ते एकदाही मोडलं नव्हतं. आम्हाला त्या कंपन्यांची नावंसुद्धा कधी सांगायच्या नाहीत.

 संपदा हसली. "मॅडम, तुम्हीच सांगितलंय ना, कारण कळल्याशिवाय काही मान्य करायचं नाही?"

 संपदाने पुडा सगळ्यांपुढे फिरवला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मॅडमनी संपदाला थांबवून घेतलं, ते मला आठवतं. मी फाटकाशी तिची वाट बघत होते. आली तेव्हा ती गोंधळलेली होती. "मॅडम म्हणतात, ऑफिसचं मागचं दार उघडं असतं का ते रोज बघत जा. म्हणजे काय ग?" मलाही कळलं नाही. आम्ही दोघी बोलत बोलत बसस्टॉपवर गेलो आणि विसरलो.

संपदा मात्र पूर्ण विसरली नव्हती. तिने सुपरवायझरला दाराबद्दल विचारलं. कुलूप निघालं. आठ दिवस दार उघडं होतं. मग प्लॅस्टिकचे दोन रोल चोरीला गेले आणि कुलूप परत लागलं. हे तिनेच मॅडमना शनिवारी सांगितलं, गमतीची गोष्ट सांगावी तसं.

मॅडमनी फर्मच्या नावाने मालकाला दोन पत्रं पाठवली: सुचवलेल्या सुधारणांचं काय झालं? पहिल्याला उत्तर आलं की काम चालू आहे. दुसऱ्याला आलंच नाही. तिसऱ्या पत्राचा मसुदा परेश देसाईंनी अडवून ठेवला. मग एक दिवस मॅडम रजा घेऊन वसई स्टेशनबाहेरच्या एका टेलिफोन बूथवर गेल्या. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या खात्याचा नंबर त्यांनी शोधून काढला होता. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तक्रारदाराचं नाव?"

त्यांनी फोन ठेवला.

"नाव सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी फर्मला कळलं असतं," त्या म्हणाल्या. "बाबांचं ऑपरेशन व्हायचं होतं. आणि खरं सांगू? मला ती नोकरी आवडायची. तिच्यावाचून मी कोण, हे मला माहीत नव्हतं."

संपदासाठी त्यांनी इतर ठिकाणी शब्द टाकला. अंधेरीत एका ओळखीच्या ऑफिसात जागा निघाली. संपदा जाऊन मुलाखत देऊन आली, निवडही झाली, पण गेली नाही. जयवंतीमावशीचे गुडघे दुखायला लागले होते. सकाळी पाटी उचलून बाजारात मांडून द्यायला आणि संध्याकाळी आवरायला घरात कोणीतरी हवं होतं. अंधेरी लांब पडत होती. "इथे बरं आहे मॅडम," ती म्हणाली. "सगळे चांगले आहेत. पॅकिंगच्या बायका मला त्यांच्या डब्यातलं देतात."

असं सव्वा वर्ष गेलं. काही झालं नाही, तसतसं मॅडमनाही वाटायला लागलं की आपण उगीच घाबरलो असू.

२००२ ची दिवाळी झाली, आणि त्यानंतरच्या एका बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास खाली छपाईच्या यंत्राजवळ ठिणगी पडली. पिंपं जिन्याखालीच होती. पुढचा जिना काही मिनिटांत गेला. वर सोळा माणसं होती. ती मागच्या जिन्याने खाली उतरली आणि दाराशी अडकली. दार लोखंडी. संपदा सगळ्यात पुढे होती. तिने दोन्ही हातांनी दाराची आतली कडी धरून ओढायला सुरुवात केली. शेजारच्या भिंतीमागे आग होती, दार तापत होतं, आणि ती सोडत नव्हती. वॉचमन किल्ली घेऊन धावत आला तोवर धूर जिन्यात भरला होता. तेरा जण बाहेर आले. पॅकिंगच्या दोन बायका आणि कामासाठी वर आलेला छपाईचा एक ऑपरेटर आले नाहीत.

मला संध्याकाळी कळलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा मॅडम आधीच आलेल्या होत्या, बाहेरच्या बाकावर.  जयवंतीमावशी दाराशी उकिडवी बसली होती. "ज्ञानदा, पानी तरी पाजा कोनीतरी तिला," ती मला म्हणाली, "डॉक्टर पिऊ देत नाय." संपदाचे दोन्ही तळहात आणि बोटं जळली होती. श्वास घेताना घरघर ऐकू यायची.

आठव्या दिवशी तिला बोलता यायला लागलं. मी आणि मॅडम भेटायला गेलो. जयवंतीमावशी उशाशी होती. संपदाचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये. तिने मॅडमकडे बघितलं. 

"मॅडम, तुम्ही मला दार बघायला सांगितलं होतंत."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

मॅडमना खोटं बोलता आलं असतं. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि खोटं बोला असं मला मनातून वाटत होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच तपासलं होतं. मी लिहिलं होतं. मग कमी करून लिहिलं."

संपदाने मान भिंतीकडे वळवली.

जयवंतीमावशीला निम्मंच कळलं होतं. ती उठून मॅडमच्या समोर आली. "बाय, तुमाला ठावं होतं, आनि तुमी आमाला सांगितलं नाय? म्हनजे आमी कोन? मी रोज तिला डबा भरून द्यायची. एकदा सांगायचं होतं. मी नसती धाडली. मी तिला घरी बसवून ठेवली असती."

मॅडम उभ्याच होत्या. त्यांनी हात जोडले, की नुसते एकमेकांत धरले, मला सांगता येणार नाही. मग त्या बाहेर गेल्या.

पुढच्या आठवड्यात चौकशी सुरू झाली. मॅडमच्या कपाटात पहिला मसुदा होता, तांबड्या खुणांचा. तो त्यांनी चौकशी अधिकाऱ्याकडे स्वतः नेऊन दिला. फर्मला विचारलं नाही. सोबत म्हणून मी गेले होते. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने मसुदा वाचला, आणि मग फाइलमधून पक्का अहवाल काढून शेजारी ठेवला.

"बाई, यावर सही नाही," मसुद्यावर बोट ठेवून तो म्हणाला. "यावर आहे. कोणाची आहे?"

"माझी."

"आणि यात पिवळा आहे. म्हणजे दोन वर्षांत करा. मालक म्हणतात, मला सल्लागारांनीच दोन वर्षांची मुदत दिली होती. काय सांगू मी त्यांना?"

"मला बदलायला लावलं."

"लेखी आहे?"

लेखी काहीच नव्हतं. परेश देसाईंनी जबाबात सांगितलं की रंग ठरवणं हा मार्था तुस्कानो यांचा व्यावसायिक निर्णय होता आणि फर्मला त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. ग्राहकाची कागदपत्रं परवानगीशिवाय बाहेर दिली म्हणून फर्मने मॅडमना काढून टाकलं. ज्या कागदाने मालकाला अडकवायचं होतं, त्याच्याच जोडीच्या कागदाने तो सुटत गेला. केस उभी राहिली ती तारखांवर तारखा घेत राहिली. मालकाने दोन वर्षांत दुसरीकडे, दुसऱ्या नावाने यंत्रं बसवली. वॉचमन मात्र बरेच महिने आत होता. किल्ली त्याच्याकडे होती ना.

शनिवारचा वर्ग बंद पडला नाही, पण पोरं गळत गेली. कोणी तोंडावर काही बोललं नाही. तुळिंजकडून येणारी मुलं आधी थांबली, मग बाकीची. मी तेव्हा विरारच्या एका शाळेत नोकरीला लागले होते. जमेल तेव्हा जायचे. एकदा हॉलमध्ये तीन मुलं होती. मॅडम फळ्यावर ताळेबंद समजावत होत्या, पुस्तकातला जसाच्या तसा. काय बिघडू शकतं, हे त्यांनी नंतर कधी कोणाला विचारलं नाही.

त्या मधूनमधून तुळिंजला जायच्या. मला दोनदा घेऊन गेल्या. बाजारात जयवंतीमावशीच्या पाटीपासून लांब, भांड्यांच्या दुकानाच्या आडोशाला उभ्या राहायच्या. पहिल्या वेळी मावशीने बघितलं. ती गिऱ्हाईक सोडून आमच्याकडे आली. आवाजात राग नव्हता, दमलेली होती. "पोरगी घरात हाय, बाय. पन ती येनार नाय. तुमी उन्हात नका उभं राहू." दुसऱ्या वेळी तिने बघूनही मान खाली घातली आणि जवळा मापत राहिली.

निकोलसबाबा २००५ मध्ये गेले. शेवटी शेवटी त्यांना वाटायचं, लेक अजून फोर्टात जाते. सकाळी ते तिला घरच्या बोलीत काहीतरी विचारायचे, मला निम्मंच कळायचं, आणि मॅडम "हो, निघतेच आहे," म्हणून मागच्या बागेत जाऊन बसायच्या. भावाने केळी काढून फुलं लावली होती. त्या ती खुडायच्या. संध्याकाळी आळीतल्या बायकांचे बँकेचे नाहीतर पेन्शनचे फॉर्म भरून द्यायच्या. नोकऱ्या त्यांनी आणखी शोधल्या, पण जुन्या फर्मचं पत्र सगळीकडे मागितलं जायचं.

२००८ च्या जानेवारीत मला संपदा विरारच्या भाजीबाजारात भेटली. मीच तिला ओळखलं. तिने हातमोजे घातले होते, पातळ सुती. दोन्ही हातांची तीन-तीन बोटं वळत नाहीत, असं तिने सांगितलं. सही ती अंगठा आणि करंगळीच्या मध्ये पेन धरून करते. एका शिकवणीच्या क्लासमध्ये फोन घ्यायचं काम करत होती. आम्ही चहा घेतला. ती बशी दोन्ही मनगटांत धरून प्यायली, सरावाने, सहज.

"मॅडम कशा आहेत?" तिने स्वतःहून विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, फोनबूथसुद्धा. तिला ते माहीत नव्हतं. 

"त्यांना सांग, मला राग नाही आता. खरंच नाही," ती म्हणाली. "पण मला त्यांच्यासमोर बसता येणार नाही, ज्ञानदा. त्या दोन बायका मला डब्यातलं द्यायच्या ग. त्यांची मुलं मला रस्त्यात भेटतात. मी मॅडमकडे जाऊन बसले तर त्यांना काय सांगू?"

 ती भाजी घेऊन गेली.

त्या शनिवारी मी गासला गेले. हॉलला कुलूप होतं, म्हणून घरी गेले. मॅडम ओसरीवर फुलांच्या पाट्या सारख्या करत होत्या. मी त्यांना संपदाचे शब्द सांगितले, तसेच्या तसे. त्या मान हलवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आता थंडी आहे. थंडीत तिचे हात दुखतात का?"

मी ते विचारलंच नव्हतं.